बक्षिसाची नोट

प्रिय रिना,

तुह्याकडून कुरखेड्याले आल्यापासून तुहा फोन नाई. मी करतो, तं तू कामात असते. म्हणून कागद घेऊन बसलो. माह्या अक्षराले हसू नको.

इथी सारे विचारून राह्यले, सोमाजीभाऊ, पोरीनं सिनेमाच्या पार्कात नेलं म्हणते, स्टुडिओ कसा होता? मी सांगतो, अव्वल! पुढून महाल अन् मागून नुसते बांबू. गाईडनं एवढा मोठा धोंडा एका हातानं उचलून दाखवला. आवाजाच्या खोलीत त्यायनं पत्रा हलवून वीज कडाडवली, तं मी ओरडलोच, अरे, आमच्या मंडळात बी अशीच कडाडते! तुहे होणारे सासरे हसले. मले वाटलं, व्याही खूश आहे. जन्म झाडीपट्टीच्या नाटकात गेला माहा, आपल्याच घरी आलो असं वाटून राह्यलं होतं.

पुढचं मी इथी कोणाले सांगितलं नाई. शूटिंग कशी होते ते दाखवाले त्यायनं एका नटी पोरीले उभं केलं. मोठे पंखे, नळाचा पाऊस, अन् ती मेलेल्या भावासाठी रडली. काय रडली, रिना! माह्या डोळ्याले पाणी आलं. आपल्याकडं नटीनं असं रडवलं तं माणूस गप बसते का? उठते, स्टेजवर जाते, तिच्या पदराले बक्षिसाची नोट टाचते. तेवढं नाई केलं तं आपल्यात तो कलेचा अपमान. टाचणी तं माह्या बंडीले कायमच असते. गेलो. हात पुढं केला, अन् पोरगी किंचाळून मागं सरली. माह्या हाताकडं तिनं असं पाह्यलं का मले तिथंच मरून जावं वाटलं. लोकं मोबाईल काढून हसून राह्यले होते. बापाच्या वयाचा मी, अन् तिले काय वाटलं असल!

गार्डानं दंड धरला अन् हिंदीत विचारलं, हा म्हातारा कोणाचा? तू अर्धी उठली होती, मी पाह्यलं. मग तुह्या होणाऱ्या सासूनं, आयुषच्या आईनं, पदरात तोंड लपवलं, अन् तू खाली बसली. तुले दोष नाई देत, बाई. मीच घाईघाईनं म्हटलं, अकेला आया हूँ. आवाज बी कापला नाई. स्टेजवर राजा झालो, दरोडेखोर झालो, पण एवढं लाजिरवाणं सोंग कधी घेतलं नव्हतं. तुम्ही येईपर्यंत गेटबाहेरच्या बाकावर आपल्याच चपलीकडं पाहत बसलो.

काल तुहा नागसेनकाका आला होता. म्हणे, दादा, लग्नात पाहुण्यायच्या सामोरं बापाच्या जागी मी उभा राहीन, रिना म्हणते बाबा थकते. मी हो म्हटलं, त्याले चहा पाजला. पण बाई, मी थकलो नाई. मले लाज वाटते, रोज सकाळी उठलो का वाटते, ते खरं आहे. लग्नात मी तोंड उघडणार नाई. टाचणी घरीच ठेवीन. तू देशील ते कपडे घालीन. पण तुह्या बाजूले मलेच उभं राहू दे. गार्डाले मी खोटं सांगितलं होतं, माय. तू ते खरं करू नको.

तुहाच,
बाबा