व्हेरीची वेगळी ओटी

बाई, काल तुमचा शब्द मी वापरला. जपून ठेवलेला, एकच. आणि असा नेमका बसला की आमचा तांडा सकाळपासून हसतो आहे. तुम्ही असत्या तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या असत्या, "आधी पाणी पी, मग सांग." प्याले. आता ऐका.

पण राळेगावच्या तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात केल्याशिवाय मला पुढचं सांगता येत नाही. चौथी झाली आणि मी तुमच्याकडे कामाला आले. शाळेत मोठ्या मुलींना इंग्रजी शिकवून तुम्ही थकून यायच्या आणि मी पोळ्या लाटताना मला शिकवत बसायच्या. टी इज हॉट. मिल्क इज व्हाइट. एक दिवस तुम्ही म्हणालात, टी इज व्हेरी हॉट, आणि बाई, मला त्या व्हेरीचं वेडच लागलं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा तो तोंडात तडतडायचा. मांजर व्हेरी, बादली व्हेरी, शेजारणीची सून व्हेरी. मग तुमच्या शाळेच्या मोठ्या बाई चहाला आल्या. मी ट्रे घेऊन उभी, आणि कोणी विचारलेलं नसताना सुरू झाले. "व्हेरी गुड टी. व्हेरी गुड बिस्किट. व्हेरी गुड चेअर. व्हेरी गुड मोठ्या बाई." त्या इतक्या हसल्या की चहा बशीत आला. तुम्ही हसला नाहीत. त्या गेल्यावर मला चुलीपाशी उभं केलंत.

"बिस्किट व्हेरी गुड, खुर्ची व्हेरी गुड. मग आमच्या मोठ्या बाईंना काय उरलं गं?"

"बाई, त्याइले अजून एक व्हेरी देतो न."

तुम्ही कपाळाला हात लावलात. मग एकदम विचारलंत, "तू कापूस वेचायला जातेस ना? चांगला आणि खराब एकाच ओटीत टाकतेस?" मी म्हटलं, बाकीच्या टाकतात, पण माही याडी दोन ओट्या बांधते. तुम्हाला याडी म्हणजे आई हे माहीत होतं, दोन ओट्या माहीत नव्हत्या. मग मी तुमच्या टॉवेलाची ओटी बांधून दाखवली. समोर मोठी, स्वच्छ पांढऱ्या कापसाला. कमरेला बारकी, कवडीला, म्हणजे अळीनं डागाळलेल्या, कडक झालेल्या बोंडातल्या कापसाला. तुमचा राग कुठल्या कुठे गेला. "अगं, मग तुला कळतंच की! गुड सगळ्यांना म्हण. व्हेरीला वेगळी ओटी. आणि ती भरायची घाई करू नकोस." त्या दिवसापासून मी शेजारणीच्या सुनेवरचा व्हेरी काढून घेतला. तशीही ती भांडखोरच होती.

लग्न ठरलं, मी निघाले, तेव्हा तुम्ही मला पाटावर बसवून स्वतः साबुदाण्याची खिचडी केलीत. एरवी तुमच्या घरी स्वयंपाक मीच करायची. समोर उभ्या राहून विचारलंत, "हाऊ इज इट?" मी घास चावला, विचार केला आणि म्हटलं, "व्हेरी गुड." तुम्ही पटकन चुलीकडे तोंड फिरवलंत. मग जाड मांजरपाटाची, दुहेरी शिलाई मारलेली एक ओटी हातात दिलीत. माझी तीन बाळंतपणं झाली तरी ती ओटी टिकली. नाडा तेवढा बदलला.

आता कालचं. ही वर्षं कापसाची फार वाईट आहेत, बाई. गाड्या भरभरून माणसं येतात, फोटो काढतात, दुःख विचारतात आणि जातात. काल पहिल्यांदा कोणी कापूस विचारायला आलं. बाहेरदेशची एक उंच बाई, टोपीवाली. तिच्या गिरणीला एकाच गावचा, निवडलेला कापूस वेगळा न्यायचा होता. आणि माझं तर त्यावर सगळं अडलेलं. तीन सालं मी तांड्यातल्या बायांना दोन ओट्या बांधायला लावते. दिवस जास्त मोडतो, पाठ जाते, आणि शेवटी अडत्या येऊन चांगला-वाईट सगळा एकाच गंजीत ओततो. माझ्या सुनेनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, यंदाबी एकाच गंजीत गेला न, त पुढच्या साली मी एकच ओटी बांधीन. मंग तुमी बसा व्हेरी व्हेरी करत." तिनं दुसरी ओटी सोडली असती तर बाकीच्या दुसऱ्या दिवशी सोडणार होत्या.

अडत्यानं सकाळीच सगळ्यांना रांगेत बसवून पढवलं. "मॅडम काईबी इचारो, फकस्त व्हेरी गुड म्हनाचं. समजलं?" ती आली. पहिलीला विचारलं, व्हेरी गुड. दुसरी, व्हेरी गुड. आमची ऐकू न येणारी म्हातारी तर न विचारताच, व्हेरी गुड! मी त्या पाहुणीच्या हाताकडे पाहत होते. तिनं लिहिणं थांबवलं होतं. वहीत बोट घालून नुसती मान हलवत होती. सगळ्या गावांत हेच ऐकून आली असणार बिचारी.

माझ्यापुढेही बाकीच्यांसारखे तीन ढीग: कवडीचा, मोठ्या ओटीतल्या कापसाचा, आणि त्यातूनही घरी पुन्हा निवडून काढलेल्याचा. मी पहिल्याकडे बोट केलं. "धिस इज बॅड."

अडत्या खेकसला, "काय बोलून राह्यली वं बुढे!" सुनेनं चिमटा काढला. काढू दे. दुसऱ्याकडे बोट. "धिस इज गुड." मग तिसरा. तिथे मी थांबले, बाई. पदर सारखा केला, तुमच्यासारखा. "धिस इज व्हेरी गुड."

तिनं वही मिटली आणि तिसऱ्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तळातून मूठ काढली, कडेची काढली, मधली काढली. एक कवडी नाही, पानाचा एक चुरा नाही. सोबतच्या दुभाष्याला म्हणाली, हे कसं करतात, विचार. मी उठले आणि तुमची ओटी बांधून दाखवली. मग तिनं ती मागून घेऊन स्वतःच्या कमरेला बांधली, उलटी! दहा जणी धावल्या सुलटी करायला. आज सकाळी वेगळी गाडी आली. फक्त तिसऱ्या ढिगांचा कापूस, पोत्यांवर आमच्या तांड्याचं नाव, आणि पुढच्या सालीही तोच हवा म्हणून सांगितलंय. अडत्या पोती मोजताना म्हणाला, "बुढी लय पोचेल हाय." आणि सून म्हणते, "आई, पुढच्या साली तीन ओट्या बांधाव का?"

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून तुमच्या ओटीत ठेवते, ती वेचणीपर्यंत खुंटीला असते. फक्त एक कबूल करायचं राहिलं आहे, काल खरं बोलल्यावर ते मनातून जाईना. बाई, ती खिचडी नुसती गुड होती. मीठ जरा जास्तच. तो व्हेरी खिचडीला नव्हता.