राव साहेबांच्या घरातलं मत

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

समाधानने जेवताना जाहीर केलं — विधानसभेला घरातली तिन्ही मतं चोप्रांच्या पक्षाला. चोप्रा सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना शब्द दिलाय म्हणे.

"माझं मत तू कसं देऊन आलास?"

"यार लुंबिनी, एवढ्याशा गोष्टीचं काय!"

सासूबाई भाकरी मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो म्हनते तं आयक ना." नेहमीचंच. मला खाली दाखवायची एक संधी सोडत नाहीत.

लग्नाआधी बाबा सांगतील तिथे शिक्का, लग्नानंतर हा सांगेल तिथे. इथे दिल्लीत, केंद्राच्या मंत्रालयात दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे लिहिते आणि स्वतःचं मत नवऱ्याला विचारून! या वेळी मी ठरवणार.

३ नोव्हेंबर

ठरवायचं म्हणजे आधी मला काय पटतं ते कळायला हवं. बसमध्ये तोच विचार. कांदा स्वस्त, पाणी वेळेवर — हे तर सगळेच म्हणतात. त्यावरून पक्ष कसा निवडायचा?

मला पटतं ते फार मोठं नाही. माणूस कुठला, कोणाचा, हे बघून त्याला उठवू नये. बस.

सोसायटीच्या मागे झोपड्या आहेत. त्यातली निम्मी माणसं हीच सोसायटी बांधायला आली होती. इमारती उभ्या राहिल्या, रंग झाला, आता लोकांना त्यांचा वास येतो. जो मत मागायला येईल त्याला विचारणार — त्यांचं काय करणार?

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चोप्रांचे लोक आले. विचारलं. "बहनजी, आप निश्चिंत रहिए, सब साफ़ हो जाएगा." मी तक्रार केली असंच धरून चालले.

दुपारी दुसऱ्या मोठ्या पक्षाचे. "मैडम, जैसा सोसायटी चाहेगी."

दोघांनीही उत्तर दिलं ते माझ्या प्रश्नाला नाही. माझ्या चकचकीत फरशीला दिलं. दार लावताना जरा जोरात लावलं.

सासूबाई म्हणाल्या, "लोकाईले काहून तरास देतं?"

१२ नोव्हेंबर

ऑफिसातून परतले तर फाटकावर निळा झेंडा घेतलेली एक बाई. वॉचमन आत सोडत नव्हता. तिने मला नाव विचारलं. लुंबिनी म्हटल्यावर चेहरा खुलला. "फिर तो आप अपनी ही हैं."

चीड आली. जन्मावरून कोणी मला गृहीत धरलेलं नको — आपल्यांनीही नको. तिलाही तोच प्रश्न टाकला, जरा तुसडेपणानेच.

ती म्हणाली, "मामला कोर्ट में है. और हम तो जीतेंगे भी नहीं, वादा क्या करूँ? पर जिस दिन तोड़ने आएँगे, मैं वहाँ बैठी मिलूँगी."

पत्रकसुद्धा न देता गेली. संपली होती म्हणे.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

चोप्रा चहाला आले. आमच्या दारावर पाटी आहे, 'एस. डी. राव'. सासऱ्यांचं नाव दादाराव, त्याचं शेपूट तोडून समाधानने आडनाव केलंय. खरं आडनाव तायडे, ते गायब. लोकांना वाटतं आम्ही आंध्रातले ब्राह्मण. सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा बाबासाहेबांचा फोटोही हॉलमध्ये न लागता सासूबाईंच्या खोलीत गेला.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा चोप्रा बोलत होते. "कोटे वालों ने सारे दफ़्तर चौपट कर दिए. दिमाग़ है नहीं, कुर्सी चाहिए. आप तो जानते ही हैं, राव साहब."

समाधान हसला.

नुसतं तोंडदेखलं नाही. मांडीवर थाप मारून हसला. शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस. समोर उभी असलेली मी, राखीव जागेवर लागलेली. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, सासूबाईंनाही ऐकू गेलंच असणार.

ते गेल्यावर म्हटलं, "तू हसलास."

"मग काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं? क्वार्टरमध्ये आपल्याला काय काय म्हणायचे, विसरलीस? इथे कोणी म्हणत नाही. मला तेवढंच हवंय, लुंबिनी. तेवढंच."

क्षणभर कीव आली. पण ते हसणं कानातून जात नाही. तिरस्कार वाटतो मला त्या हसण्याचा.

१६ नोव्हेंबर

बोलणं बंद.

२५ नोव्हेंबर, बुधवार

मतदान. आमच्याकडे यंदा मशीन. निघताना समाधान आईला समजावत होता, "वरून दुसरं बटण. आवाज येईस्तोवर दाबून धरायचं." "हाव," सासूबाई म्हणाल्या. जणू तो औषधाची गोळी सांगत होता!

पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. नाव, रक्त, जात — काही आठवलं नाही, खरंच. फाटकावरची ती बाई आठवली. तेवढी एकच मला खोटं बोलली नव्हती. निळ्या झेंड्याचं बटण दाबलं. केवढा लांब आवाज आला!

घरी येऊन तिघं चहा प्यायलो.

२८ नोव्हेंबर, शनिवार

चोप्रांचा उमेदवार पडला. समाधान मोजणीला गेला होता, पांढराफटक होऊन परतला. पण हरल्यामुळे नाही. मशीनमुळे बूथवार आकडे कळतात. आमच्या बूथवर फक्त सोसायटीचीच नावं, आणि निळ्याला दोन मतं.

"चोप्रा सगळ्यांसमोर विचारत होते, ये दो कौन हैं. माझ्याकडे बघून नाही, पण आज ना उद्या बघतील. एक तुझं ना?"

"हो."

"घर विकायची वेळ आणशील तू." मग उठून खिडकीचा पडदा ओढला. "आणि दुसरं कोण? आपल्यासारखं अजून कोण लपलंय इथे?"

मलाही सुचेना. डी ब्लॉकमधलं नवं कुटुंब असेल?

२९ नोव्हेंबर

सकाळी समाधान पुन्हा माझ्यावर ओरडायला लागला. सासूबाई मटार सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तिच्यावर काहून वरडतं? दुसरं माहं होतं. त्या चोप्राले सांग, दोघीबी याच घरातल्या हायेत."