पंचिका म्हणायला पाच लागतात

सर, तुमच्या मुलाला मी गेले तीन आठवडे मनातल्या मनात चोर म्हणत होते, ते आधी सांगून टाकते. तो जुळे सोलापुरात राहतो, पन्नाशी ओलांडलीय, टक्कल पडलंय, आणि बोलताना तुमच्यासारखाच बोटानं चष्मा वर ढकलतो, त्यामुळे तर मला त्याचा जास्तच संशय आला. स्कूटरवरून आला, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "ताई, बाबांचा पाचवा भाग सापडला." कुठं, तर म्हणे श्रीपूरच्या घरी माळ्यावरच्या लाकडी पेटीत. उघडून बघते तर सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, तुमच्या अक्षरातली एक ओळ नाही. मूळ कागद कुठं आहेत विचारलं, तर म्हणतो, "वाळवी लागली होती की हो. वाचता येत होतं तोवर टाइप करून घेतलं आणि उरलेलं जाळलं, नाहीतर घरभर झाली असती." घ्या. लेखक वीस वर्षांपूर्वी गेलेला, कागद वाळवीनं खाल्लेले, उरलेसुरले मुलानं जाळलेले. चाळीस वर्षं प्रुफं वाचून माझी अशी गत झालीय की लग्नपत्रिकासुद्धा मी आधी चूक शोधायला वाचते आणि मग मुहूर्त बघते. मला हे कसं पटावं?

त्याला माझ्याकडून एक कागद हवा होता. प्रकाशक म्हणतो, सरांचे चारही भाग ज्या बाईंच्या हाताखालून गेले त्यांनी हे सरांचंच आहे असं लिहून दिलं तर छापतो, नाहीतर नाही. प्रकाशकाचंही बरोबर आहे, कारण पाचवा भाग नाहीच, असं गावभर सांगत फिरणारी बाई मीच. ग्रंथालयात कुणी 'अपूर्ण पंचिका' म्हणालं की मी उठून बोलायची. अपूर्ण पंचिका नावाची वस्तू नसते, ही चार पुस्तकं आहेत, आमच्या सरांनी एक मोठा शब्द वापरला आणि तो निभावला नाही. तुमच्या पश्चात तुमच्याबद्दल असं बोलत होते मी. राग होता तुमच्यावर.

तो शब्द तुम्हीच मला शिकवलात ना. तुम्ही श्रीपूरच्या शाळेत मराठी शिकवत होता आणि दर शनिवारी एस्टीनं आमच्या सोलापूरच्या प्रेसमध्ये यायचा. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ चाललं होतं. मालकांना कादंबरी-मालिका म्हणायचं होतं, लोकांना कळतं म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. मग मालक म्हणाले, पंचक घाला, तर तुम्हीच हसलात, की पंचकात मयत झाल्यासारखे लोक शांत करायला धावतील. शेवटी तुम्ही कागदावर 'पंचिका' लिहिलंत. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नवी नवी लागलेली, धीर करून विचारलं होतं, की मालिका आणि पंचिका यांत फरक काय. तुम्ही मला मॅट्रिकच्या पोरीला समजवावं तसं समजावलंत: तीन भागांना लोक त्रयी म्हणतात, पाचाची वेळच येत नाही म्हणून हा शब्द पडून राहिलाय. मालिका वाढवता येते, खपली की आणखी एक काढतात. पंचिका वाढत नाही आणि कमीही होत नाही, ते पाच तुकड्यांत छापलेलं एकच पुस्तक असतं. शेवट हातात असल्याशिवाय पहिल्या मुखपृष्ठावर हा शब्द घालायचा नसतो. मी हे वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तुम्ही चार भागांवर थांबलात तेव्हा तीच वही काढून तुमच्यावर उलटवली.

तर गठ्ठा मी वाचायला घेतला तो खोट शोधायलाच. वरच्या कागदावर मुलानं लिहिलं होतं, 'पंचिकेचा पाचवा व अंतिम भाग'. इथंच मी लाल पेन उचलला. पंचिकेचा पाचवा अंतिम नाही तर काय असणार? पण ते त्याचं होतं, आतलं नाही. आत मात्र चाळिसाव्या पानाच्या आसपास मला ती बाई भेटली, ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाची बायको, आणि ती विधवा होती. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली उलटून नवरा गेल्याला बारा हंगाम झाले, असं ती सुनेला सांगत होती. मी पेन खाली ठेवला आणि मला वाटलं, सापडला. कारण मुकादम चौथ्या भागाच्या शेवटच्या पानावर जिवंत आहे, नातवाला खांद्यावर घेऊन बाजाराला निघालाय. तुम्ही अशी चूक मेलात तरी केली नसती.

मी लगेच तुमच्या मुलाला फोन लावला. आवाज गोड ठेवला, माणूस पकडायचा तर तसाच ठेवावा लागतो. म्हटलं, "मुकादम कधी मेला रे?" तो म्हणाला, "तेच तर, ताई. चौथ्या भागात जित्ता हाय की तो. बाबांची शेवटी शेवटी चूक झाली असावी. तेवढं तुम्ही दुरुस्त करून द्याल का, विचारायला मी येणारच होतो." सर, मी फोन ठेवला आणि लाल पेनला टोपण लावलं. चारी भाग समोर ठेवून ज्यानं लिहिलं असतं त्यानं मुकादमाला मारलं नसतं. वजनकाट्यावर तो मेला होता हे दोनच माणसांनी वाचलं होतं, एक खिळे जुळवणारे आमचे कंपोझिटर आणि एक मी, आणि दुसऱ्या भागाचं तुमचं हस्तलिखित तर मी माझ्या हातानं बांधून रद्दीत दिलं होतं.

तो मृत्यू छापलाच गेला नाही. पानं पाडण्याआधी मजकुराच्या लांब पट्ट्या असायच्या, गॅल्या, त्यांचे प्रूफकागद मी तपासून परत द्यायची आणि जेवढे कागद परत येतील तेवढ्या गॅल्यांची कंपोझिटर पानं बांधायचे. दुसऱ्या भागाच्या सतराव्या गॅलीचा कागद वाचायचा राहिला म्हणून मी घरी नेला, रात्री वाचला आणि डब्याच्या पिशवीत विसरले. अठरावी नव्या परिच्छेदानं सुरू होत होती आणि पुढं त्या भागात मुकादमाचं नाव येत नव्हतं, त्यामुळे सांधा कुणाला दिसला नाही. पुस्तक छापून झालं आणि त्या शनिवारी तुम्ही स्टुलावर बसून पानं उलटताना थांबलात. मालकांनी बोलणी कंपोझिटरना घातली. ते एवढंच म्हणाले, "बाईंकडनं जेवढे कागद आले तेवढं बांधलं की मी. मला काय ठावं?" मालकांनी त्यांना पुस्तकांवरून काढून लग्नपत्रिकांवर बसवलं. तुम्ही मालकांना म्हणालात, नजरचूक आहे, छापलं ते खरं, जगू दे त्याला. मग जाताना माझ्या टेबलाशी थांबलात. "त्याला मारायला मला चार महिने लागले होते," म्हणालात, आणि चष्मा वर ढकलून जिन्याकडे गेलात. तेवढंच एक रागावणं तुमचं.

आणि पुढचे दोन भाग तुम्ही त्याला जगवलंत. वाचकांचा तो लाडका झाला, पत्रं यायची त्याच्यासाठी. मला तेव्हा बरंच वाटायचं. पाचवा तुम्ही आधीच लिहून ठेवला होता, हे आता कळतंय, म्हणून तर तो शब्द पहिल्याच मुखपृष्ठावर घातलात. त्या पाचव्यात सगळं त्या बाईच्या एकटीनं उभं राहण्यावर आहे. नवरा जिवंत राहिल्यावर त्या पुस्तकाला पायच उरला नाही. तुम्ही ते बदललं नाहीत की बदलता आलं नाही, कोण जाणे, पण पेटीत ठेवलंत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. वीस वर्षं मी तुम्हाला शब्द मोडणारा म्हणत होते, आणि शब्द मोडला होता मी.

काल मी तुमच्या मुलाला कागद लिहून दिला. पाचवा भाग सरांचाच आहे, मुकादमाचा मृत्यू दुरुस्त करू नये, दुसऱ्या भागातली एक गॅली प्रेसच्या नजरचुकीने गळली होती, असं लिहून खाली सही केली. तो रडला, माझ्या पाया पडला. मी पडू दिलं. हे पत्र त्याच्या हाती लागू देणार नाही मी, तुमच्यापाशी तर ते पोचणारच नाही, म्हणून लिहिते. ती नजरचूक नव्हती, सर. छपाईच्या आदल्या दिवशी डबा काढताना तो कागद माझ्या हाताला लागला होता. सगळी पानं सोडून पुन्हा बांधावी लागली असती, मालक आधीच एकदा काढून टाकीन म्हणाले होते, आणि सांधा दिसत नव्हता. मी तो बंबात घातला. कंपोझिटर अजून आहेत, थकलेत, पण वाचतात. माझा कागद पुस्तकाच्या सुरुवातीला छापणार आहेत, आणि प्रत त्यांच्या घरी जाणार आहे. 'प्रेसच्या' असं लिहिलंय मी, 'माझ्या' असं नाही. ते वाचतील आणि त्यांना वाटेल, म्हणजे आपणच.