मेण्यातून धावलेल्या बाईचं चित्र

मी, टॅबिथा पेल, कै. जोसाया पेल यांची विधवा, धंदा छापील विनोदी चित्रं विकण्याचा, राहणार स्ट्रँडमागची गल्ली, लंडन. पाय सुजले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधीचे कागद रद्द समजावेत.

दुकान, छापयंत्र आणि खिडकीतली सगळी चित्रं, म्हणजे मांडीवर सांडलेला चहा, खाटकाच्या आकड्याला लटकलेला केसांचा टोप, वाऱ्याने उलटलेली छत्री वगैरे, केझिया मार्ल हिला द्यावीत. तिने रंग भरले म्हणून माझं दुकान चाललं. गालांना लाली जरा जास्तच लावते, पण गिऱ्हाइकाला तीच आवडते.

मेण्याचं चित्र ज्यावरून छापतो तो कोरलेला तांब्याचा पत्राही केझियालाच. यावरून घरात तंटा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नाआधी मी भाड्याच्या मेण्यातून मेजवानीला निघाले असता वाटेत मेण्याचा तळ निखळला. भोयांना पत्ताच नाही. ते बाहेर धावत होते, मी आत धावत होते, आणि माझे चिखलाने भरलेले मोजे सारा रस्ता बघत होता. थोड्याच दिवसांत जोसायाच्या दुकानाच्या खिडकीत त्या फजितीचं, त्यानेच कोरलेलं चित्र लागलं. मी तणतणत जाब विचारायला गेले. तांब्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कागदावर सुलटी येतात. हा बाबा घाईत ते विसरला होता, त्यामुळे दुकानांच्या पाट्या उलट्या छापल्या होत्या. भांडण राहिलं बाजूला. मी म्हटलं, "अहो, निदान पाट्या तरी धड काढायच्या." तो म्हणाला, "माझं असंच होतं. रोज येऊन बघून जाल का?" गेले ती कायमचीच राहिले. त्या भोयांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांचे उपकार मी जन्मभर मानले.

धाकटा भाऊ रेव्हरंड अँब्रोज टफनेल म्हणतो, "ताई, पाद्र्याच्या बहिणीचे पाय काय चव्हाट्यावर टांगायचे? तो पत्रा घासून कोरा कर, मगच माझ्या चर्चच्या आवारात आईशेजारी तुला जागा." जोसायाला समुद्राने नेलं, त्याला कबर नाही. आईशेजारी निजायची माझी फार इच्छा होती, अजूनही आहे. पण दुकान चालतं ते याच चित्रावर. पत्रा घासला तर केझियाने खायचं काय? म्हणून पत्रा घासू नये. मला गल्लीतल्या चर्चमागे, मिळेल त्या जागी पुरावं.

अँब्रोजवर माझा राग नाही. त्याला त्या चित्राची एक प्रत, केझियाने रंगवलेली, द्यावी. मेण्यामागून एक कोवळा तरुण पोट धरून हसत धावतो आहे, तो अँब्रोजच. पाद्री झाल्यापासून त्याला तसं हसताना कोणी पाहिलेलं नाही. आईने ते चित्र मरेपर्यंत चुलीवरच्या भिंतीला लावलं होतं. ती माझ्या पायांकडे कधी बघायचीच नाही, त्याच्याकडेच बघत बसायची.

सही: टॅबिथा पेल
साक्षीदार: ओबडाया स्ली, छपाई कारागीर
हेस्टर गॅमन, शेजारीण, मासळीवाली (निशाणी फुली)
लंडन, २ मार्च १७९६