पेटी या शब्दाचा अर्थ

मी, सरला गोविंद खासगीवाले, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार देवास, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील ठेव भाचा मयुरेश याला. आजारपणात त्याने माझे केले.

२. माझा इलेक्ट्रिक ऑर्गन मयुरेशची मुलगी उर्वी हिला. ऑर्गन म्हणजे खिडकीखालचे, पट्ट्यांच्या दोन ओळींचे वाद्य. त्याला कोणी कॅसिओ म्हणू नये. इतके वर्णन करण्याला कारण आहे.

आमचे अप्पा धारला देवळात कीर्तनाला पेटी वाजवीत. मला त्यांनीच शिकवले. त्यांच्या मृत्युपत्रात ‘माझी पेटी सरलेस द्यावी’ अशी ओळ होती. थोरले बंधू तात्या यांनी मला लोखंडी पेटी पाठवली, आत आईची लुगडी घालून. धारला जाऊन विचारले, तर म्हणाले, “अगं, पेटी म्हणजे पेटीच ना! लडकी जात, बाजा घेऊन काय करशील?” तात्यांचे शिक्षण हिंदीत झाले. माझेही. मला अर्थ कळला होता.

मग मी पगारातून ऑर्गन घेतला आणि ऑर्केस्ट्रात गेले. पेटीला एक हात भात्यात अडकतो; इथे दोन्ही मोकळे. दुःखाच्या गाण्यामागचा थरथरता लांब सूर माझा असे. गायकाने श्वास घेतला तरी गाणे तुटत नसे. अमझेऱ्याला कार्यक्रमात वीज गेली, तेव्हा मागून कोणी ओरडले, “दीदी, पेटी लातीं तो बजती!” सगळे हसले. मला हसू आले नाही.

३. लोखंडी पेटीही उर्वीला. ऑर्गनच्या वायरी तिच्यात आहेत. लुगडी तशीच आहेत.

४. अप्पांची पेटी धारला तात्यांच्या कपाटावर आहे. तिच्यावरचा हक्क मी सोडलेला नाही. माझ्यामागे तो उर्वीचा. हे कलम तात्यांना फोनवर वाचून दाखवले.

उर्वीला मराठी वाचणे जड जाते. हा कागद तिला तात्यांनी मोठ्याने वाचून दाखवावा.

साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. म्हणून तात्यांना साक्षीदार केले आहे.

देवास, १७ नोव्हेंबर २०२४
सही: सरला गो. खासगीवाले

साक्षीदार
१. डॉ. पीयूष व्यास, देवास. मेरे सामने हस्ताक्षर किए। पूरे होश में हैं।
२. माधव ऊर्फ तात्या गोविंद खासगीवाले, धार. वाचले. कलम चारमधली पेटी बाहेर गाडीत आहे. भाता फाटला आहे, शिवून घ्यावा लागेल.