नऊ घरांची बाज

५ जानेवारी २०२५, रविवार

बाबांची बाज तुटली. आई तिच्यावरच झोपली होती. उंदरांनी मधली दोरी कुरतडली, आणि पहाटे आई बाजेतून अर्धी खाली! लागलं नाही, नशीब. (बाबा असते तर ओरडले असते — ‘नशीब म्हणू नको, कारण शोध.’)

बाबा जाऊन येत्या सोळा फेब्रुवारीला वर्ष होईल. बाज मात्र त्यांच्याच हातची. मधोमध नऊ घरं, म्हणजे विणीतल्या चौकटी — तीन ओळी, ओळीत तीन. अशी वीण बाबांच्या आधी त्यांच्या बाबांना यायची. पंचक्रोशीत तिसऱ्या कुणाला नाही.

धम्मरत्नचा पुण्याहून फोन आला. तो धाकटा असून माझ्यापेक्षा जास्त घाबरतो. ‘आई, बस झालं आता एकटीनं राहणं. इकडे चल.’ वर्षभर हेच चाललंय आणि आई वर्षभर ऐकून घेते. आज मात्र म्हणाली, ‘चलतो बाबू. पण ह्यायची बाज अशी तुटकी टाकून मी कुठीसा जात नाई. ते विणून होऊ दे, मंग ने मले.’

तो इतका खूश झाला की मलाच लगेच फोन. ‘ताई, आता सगळं तुझ्यावर आहे.’

दुपारी गावी पोचले आणि आईला विचारलं, तुला येते ना वीण? तर म्हणे, ‘मले काय येते माय, मी निस्ती समोर बसून दोरी ओढू लागत होती.’

माळ्यावर बाबांनी वळलेल्या अंबाडीच्या दोरीचे दोन गुंडे निघाले. शेवटच्या हिवाळ्यात वळलेले. नाकाला लावले. जवसाच्या तेलाचा वास अजून आहे. दोरी वळताना ते तळहाताला जवस लावायचे. बराच वेळ तशीच बसले.

६ जानेवारी

शाळा. सातवीचे अपूर्णांक. डोक्यात बाज.

१२ जानेवारी, रविवार

सकाळची एसटी. बाभुळगावला उतरून पुढे सात किलोमीटर ऑटो. प्रफुल्ल म्हणाला, ‘नायलॉनची पट्टी मारून दे, एका तासात मोकळी होशील.’ नवऱ्याला समजावण्यात अर्थ नाही. त्याच्या घरी लहानपणापासून दिवाण.

दोरी रात्रीच भिजवून ठेवायला सांगितली होती. ओली विणली की वाळताना स्वतःच ताणून बसते. सायकलच्या आऱ्याचा आकडा बाबांच्या डब्यात सापडला, दोरी ओढून घ्यायला त्यांनीच वाकवलेला. आई समोर बसली, मी बाबांच्या जागेवर. म्हणजे त्यांच्या जागेवर बसायला मला एक्केचाळीस वर्षं लागली.

विणीचं गाणं असायचं त्यांचं. गाणं कसलं, बडबड. ‘जोडीजोडीनं चालाचं...’ पुढचं आठवेना. म्हणजे दोन दोऱ्या उचल, दोन दाब, पुढच्या फेरीला एक घर सरक. इथवर मला येतं. पण घराचा कोपरा आला की वळायचं कसं?

आई म्हणाली, ‘मधात तीन उचल.’

तीन उचलल्या. वीण वळली, पण घर मिटलंच नाही. तोंड उघडं. एक कोपरा वर, एक खाली. सगळं उसवलं. संध्याकाळची गाडी गाठली. बोटं सोलली आहेत.

१४ जानेवारी

स्टाफरूममध्ये चौकटीच्या वहीवर वीण काढली. तीन घेतल्या की घर मिटत नाही. पुन्हा काढली. मिटत नाही. गणिताची मास्तरीण, वीस वर्षांची नोकरी, आणि एका बाजेपुढे नापास! आई चुकणार नाही, माझ्या चौकटीच चुकत असणार.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच. ‘तीनच का गं?’

‘तीनच. त्यायच्या समोर चाळीस वर्सं बसली मी.’

मला खोटं वाटावं असं काही नव्हतं. सरळ डोळ्यांत बघून सांगते. तीन उचलल्या, घर वाकडं. तरी हट्टानं तीन घरं विणली आणि बाबा घ्यायचे ती परीक्षा घेतली — बाजेच्या मधोमध लिंबू सोडायचं. वीण सारखी असली की लिंबू टप्पा खाऊन जागीच थांबतं. माझं लिंबू गडगडत चुलीपाशी गेलं. आई हसली. मीही हसले, मग रडू आलं. उसवायला घेतलं. दोरीला आता रवं, म्हणजे सुटे तंतू, फुटायला लागलंय. आणखी चार-पाच वेळा उसवली की दोरी कामातून जाईल, आणि बाबांच्या हातची दुसरी दोरी जगात नाही.

जेवताना आई सांगत होती, धामणगावची गाडी आता साडेआठऐवजी आठ-चाळीसला येते. माझ्या बारावीत किती टक्के होते ते सांगितलं, दशांशासकट. बाबांनी कुठल्या सालच्या पोळ्याला कोणासाठी कितवी बाज विणली, तेही. मग ही एवढी एकच गोष्ट चुकीची का सांगते?

एसटीत सगळा वेळ हाच विचार. शाळेतल्या जोशीबाईंच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. जुनं लख्ख आठवायचं, आणि मध्येच एखादी गोष्ट पुसलेली.

२२ जानेवारी

धम्मरत्नला सांगून टाकलं. सांगायला नको होतं का? पण एकटीनं किती धरून ठेवायचं. म्हटलं, ‘आई विसरायला लागली असं वाटतं मला.’

तो म्हणाला, ‘मग तिला तिथे ठेवायलाच नको, ताई. बाज होवो नाहीतर न होवो, सोळा तारखेचा कार्यक्रम झाला की सोबतच घेऊन येतो. इथे चांगला डॉक्टर बघून ठेवतो.’

त्याचं काही चुकत नाही. सहावा मजला आहे, लिफ्ट आहे, सून प्रेमळ आहे. मग मला हे नको का वाटतंय? आई गेली की घराला कुलूप. मग मी रविवारी कुठे जायचं? घ्या, आईची काळजी म्हणता म्हणता स्वतःचंच रडगाणं निघालं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट गावी. आज बाजेला हात लावला नाही. आईला हळूच विचारत राहिले — आज वार कोणता, परवा काय खाल्लंस, धम्माच्या मुलीचं नाव काय. चौथ्या प्रश्नाला तिनं सूप खाली ठेवलं.

‘काय वो, माही परीक्षा घेऊन राह्यली काय?’

‘नाही गं, सहज.’

‘सहज नाई. मास्तरीण सहज नाई इचारत काई.’ आणि पुन्हा पाखडायला लागली.

मग म्हणाली, ‘पुन्यात उखडं कुठी टाकतात वो?’ उखडं म्हणजे केरकचरा, शेण, राख, सगळं. मी म्हटलं, कचऱ्याची गाडी येते. ‘म्हंजे राख बी देऊन टाकाची?’ घरात तूर-मूग राखेतच ठेवतो आम्ही, कीड लागत नाही. मी म्हटलं, आई, तिथे राख नसतेच. गॅस आहे. ती पाखडत राहिली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण आईचा पीळ मला आज जरा सैल दिसला. तिला कळलंय का, धम्माचं ठरलंय ते?

२ फेब्रुवारी

शाळेचं स्नेहसंमेलन. गावी गेले नाही. चुकल्यासारखं झालं दिवसभर.

५ फेब्रुवारी

बाबांची खूप आठवण येते आहे. चेहऱ्याची नाही, हातांची. दोरी वळताना डावा पाय पुढे करून अंगठ्यात टोक अडकवायचे आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासत बोलत राहायचे. आम्ही अभ्यास करत असू. त्यांना वाटायचं मी शिकावं, नोकरी करावी, हे हातांचं काम माझ्या वाट्याला येऊ नये. ‘तू पुस्तक धर, दोरी मी धरतो.’ मी पुस्तक धरलं. आता दोरी कुणाला विचारू? एकदा तरी म्हणायला हवं होतं — बाबा, सरका, मला दाखवा. एका सुट्टीत झालं असतं. उन्हाळ्याच्या किती सुट्ट्या गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहून ठेवते.

सोळा तारखेचं सांगायला शेजारच्या बंजारा तांड्यावर गेले. किसनसिंगकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त, दोघांनी एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवली. काकांना गुडघ्यांमुळे उठवत नाही. अंगणात बाजेवर बसले होते. मी रामराम केला, पाया पडले, पाणी घेतलं आणि मग बाजेकडे लक्ष गेलं.

नऊ घरं!

म्हटलं, बाबांनी विणलेली किती छान टिकली. पण बोलता बोलता दिसलं — दोरी पिवळी होती. नवी. कडेला अजून रवंसुद्धा झडलं नव्हतं.

‘काका, ही कधीची?’

‘ह्या दिवाळीतली. तुही माय विणून गेली ना बाई.’

मी म्हटलं, माझी आई?

‘मंग कोन? एकटीनं. माही बुढी समोर दोरी ओढे. आता खेमसिंगच्या घरची बाज विणाले घेतली तिनं. आधी तुहा बाप धर्मपाल येये, आता तुही याडी येते. तांड्याची गाय व्याली की पैला खरवस तिच्याच घरी जाते.’ (याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.) मग हसून म्हणाले, ‘आन बडबड बी तेच, धर्मपालवानी. जोडीजोडीनं चालाचं, मधात एकट्यानं वळाचं.’

मधात एकट्यानं वळायचं.

काकांना उठवलं नाही. खाली वाकून, बोटानं मोजलं. दोन, दोन, दोन, आणि कोपऱ्यावर एक. एकच दोरी. तिथून वीण माघारी फिरलेली, आणि घर असं मिटलेलं की फट नाही. पर्समधला चौकटीचा कागद काढून तिथेच आखून बघितलं. मिटलं. नऊच्या नऊ मिटली.

मला बाबांची वीण येते! आता, या क्षणी, येते! आणि सांगू कोणाला?

परत येताना तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर बसले. राग आला, खोटं कशाला बोलू. दोन रविवार माझी बोटं सोलून घेतली. ती विसरायला लागली म्हणून मी रडले, धम्माला रडवलं. कारण शोध म्हणायचे बाबा, आणि मी जोशीबाईंच्या सासूबाईंवर जाऊन थांबले. कारण तर पहिल्याच दिवशी तिनं तोंडानं सांगितलं होतं. बाज झाली की ने. म्हणजे बाज होईपर्यंत नको. मुलाला ‘येत नाही’ म्हणायची तिची हिंमत नाही, इतका तो जीव लावतो. म्हणून मधात तीन.

राग फार टिकला नाही. शेजारच्या तांड्यावर जिच्या हाताची वाट बघतात, तिला सहाव्या मजल्यावर बसवून आम्ही काय देणार होतो? आणि माझं तर काय, मी दर रविवारी कुणाला भेटायला येत होते, बाजेला?

घरी आले. आई चुलीपाशी. ‘गेलती काय तांड्यावर? काय म्हने किसनसिंग?’

हातातलं लाकूड तिनं तसंच धरून ठेवलं होतं. म्हटलं, ‘काही नाही. गुडघे दुखतात म्हणे. येतो म्हणाले.’

‘बसली होती कुठी?’

‘ओट्यावर.’

तिनं लाकूड चुलीत सारलं.

१० फेब्रुवारी

धम्मरत्नला फोन केला. ‘आई काही विसरलेली नाही. चूक माझी होती, मोजणीची. तुझ्या डॉक्टरला नको सांगू.’

‘नक्की ना ताई? मग बाज झाली?’

‘नाही.’

‘पण आता होईल ना?’

म्हटलं, ‘बघू. पण तिनं घातलेली अट तू कबूल केली होतीस. तिची शुद्ध जाग्यावर आहे तर शब्दही पाळायला हवा.’ तो म्हणाला, हो, ते आहे. माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे, बाबांसारखा.

प्रफुल्लला सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, ‘तुमच्या घरात एक सरळ माणूस नाही.’ कौतुकानंच म्हणाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

वंदना झाली, खीर झाली. तांड्यावरचे सगळे येऊन गेले. दुपारी धम्मरत्न दारात बसला. ‘ताई, आज माझ्यासमोर कर. मला बघायचंय कुठे अडतं ते.’

दोरी भिजवलेलीच होती. मी बाबांच्या जागेवर, आई समोर. दोन उचल, दोन दाब. कोपरा आला. माझं बोट आपोआप एका दोरीखाली गेलं. आईनं बघितलं. बोटाकडे, मग माझ्याकडे. तिच्या हातातली दोरी ढिली पडली. धम्मरत्न टक लावून बघत होता.

मी विचारलं, ‘आई, मधात किती गं?’

तिनं दोरी पुन्हा ताणून धरली आणि म्हणाली, ‘तीन.’

मी तीन उचलल्या.