वसंतात कुठं जायचं

आई, उद्यापासून सकाळची शाळा. फाल्गुनात ऊन तापायला लागलं की तूही बालवाडीची वेळ बदलायचीस आणि वसंत शिकवायला पोरांना कडुलिंबाखाली न्यायचीस. डोळे मिटून बसायचं आणि अंगाला लागलेलं वारं गार की ऊन, ते सांगायचं, एवढाच धडा. तिथं मीही तुला बाईच म्हणायचं, असा तुझा दंडक. एकदा शहाणपणा मिरवत मी थोरल्या भावाच्या पुस्तकातली कोकिळा आणि आंब्याचा मोहर धडाधड म्हणून दाखवला, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "ते ऱ्हाऊ दे. तुला आज काय येगळं दिसलं, ते सांग." मला काहीच दिसलेलं नव्हतं. घरी आल्यावर चुलीपुढं बसवून तू मला गरम भाकरीवर लोणी वाढलंस.

आता सोनईजवळच्या एका वस्तीवर पहिली-दुसरीला मी तसंच शिकवते. गावातली मुलं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. माझ्या वर्गात हंगामापुरती येणारी ऊसतोडवाल्यांची मुलंच जास्त. तुझे जावई गेल्यापासून घरात मी एकटी. लेक बंगळुरूला, फोन करते तोही घाईत. मुलं आहेत तोवर दिवस निघतो, म्हणून ऊस संपायची धास्ती कारखान्याला नसेल एवढी मला असते. फार एकटं वाटतं गं.

मागच्या आठवड्यात त्यांना झाडाखाली बसवलं. वारं अजून गार, पाठीवर मात्र उन्हाचा चटका, वरून पिवळी पानं पडताहेत. वसंत आला की काय होतं, विचारते. पाथर्डीकडची एक चिमुरडी डोळे न उघडताच सांगते, "कारखाना बंद व्हतो. मंग आमी घरी जातो." पुस्तकाच्या हिशेबानं हे चूक, पण तू ऐकलं असतंस तर तिला जवळ घेतलं असतंस. मीही शाबास म्हणाले. तेवढ्यावर थांबेल तर ती पोर कसली. "बाई, मंग तुमी कुटं जाता?" मी इथंच असते म्हटलं, तर डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिली. "एकल्याच?"

माझ्या तोंडून निघून गेलं, नाही गं, मी माझ्या आईकडं जाते. तिचं समाधान झालं आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.

परवा त्यांचा ट्रक गेला. भांड्याकुंड्यांच्या वर, आपल्या आईच्या मांडीत बसून ती ओरडून सांगत होती, "बाई, तुमच्या आईला सांगा, आमी बी घरी गेलो." मी हात हलवला. वर्गात आले तर चारच मुलं होती.

निरोप पोचवायचा राहू नये म्हणून लिहायला बसले. पाकिटावर पत्ता काय घालणार, तेव्हा हे इथंच राहील. एक मात्र तुला सांगते. लेकराशी खोटं बोलले याचं मला वाईट वाटलं नाही. ते बोलताना घटकाभर मला खरंच वाटलं, की यंदा सुट्टीत मला जायचंय.